मागच्याचा दिवा

आबांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. दुकानासमोर येऊन उभ्या राहिलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकालाही ते बेधडक विचारत, “पावणं कुठल्या गावचं?” तो ओशाळायचा. “आवं आबा, गेल्या आठवड्यात आलतो की मी!” मग आबा उठून त्याच्या गाडीच्या मागे जात, कमरेवर हात ठेवून क्षणभर बघत आणि लगेच म्हणत, “हां, तू व्हय! डाव्या काचंला चीर पडल्याली, ती तूच न्हवं? मग तोंड कशाला दाखवालास, गाडी फिरवून उभी करायची की.”

वडगावहून आमच्या गावाकडे फाटा फुटतो, त्या फाट्यावर आबांचं पत्र्याचं शेड होतं. गाड्यांच्या दिव्यांचं, वायरिंगचं, बॅटऱ्यांचं काम ते करत. ते आमच्या नात्यातले नव्हते. माझे वडील, म्हणजे तात्या, आणि आबा गावच्या शाळेत एका बाकावर बसले होते. सातवीनंतर तात्या शेतात गेले आणि आबा वडगावातल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली. शेडच्या दारात एका तारेला जुन्या गाड्यांच्या लाल काचा टांगलेल्या असत, म्हणून आसपासच्या गावांत त्यांना ‘लाल दिव्याचे आबा’ म्हणत. निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी हटकून विचारायचं, “आबा, न निवडून येताच लाल दिवा मिळाला व्हय?” आबा म्हणत, “मिळतोय की. पण आमचा लाल दिवा मागं बसवायचा असतोय. तुझ्या पुढाऱ्याला चालंल काय इचारून ये.”

“पुढचा दिवा आपला, मागचा दिवा मागच्याचा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढचा दिवा बिघडला म्हणून कुणी आला, तरी आबा आधी मागे जाऊन बघत. मागचा बंद असेल तर काम तिथून सुरू व्हायचं. गिऱ्हाईक कुरकुरलं की आबांचा आवाज चढायचा, आणि तो मुळातच फाट्यावरून ओढ्यापर्यंत ऐकू जाणारा होता. “पुढं अंधार असला तर तुला कळतंय, तू थांबतोस. मागं अंधार असला तर तुला कळत न्हाय, आणि ज्याला कळतंय त्याला थांबाया वेळ न्हाय. समजलं काय मर्दा?”

काम संपलं की त्यांचा एक विधी असायचा. चालकाला जागेवर बसवायचं आणि स्वतः रस्त्यावर गाडीच्या मागे थोडं लांब जाऊन तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं. “ब्रेक!” “डावा!” “उजवा!” सगळं मनासारखं झालं की उजवा हात डोक्याच्या वर जायचा. “जावा आता.” तो हात वर गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा दंडक होता. एकदा एका वऱ्हाडाच्या जीपवाल्यानं घाईनं गाडी काढली, तर आबा चपला तिथंच टाकून तिच्यामागे धावले आणि मागच्या दारावर हात आपटून गाडी थांबवली. आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घामाघूम होऊन बसला होता. “मुहूर्त टळतोय हो,” म्हणाला. “अक्षता पडायच्या आधी उजवा बघू दे,” आबांनी सांगितलं, आणि बघितल्यावरच वऱ्हाड सोडलं.

माझी दहावी संध्याकाळी ठरल्या वेळेला वीज जाण्याच्या काळातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं, त्यामुळे अंधारात अभ्यास कसा करतात हे सांगणारंही कुणी नव्हतं. एक दिवस आबा तात्यांना म्हणाले, “पोरीला शेडात धाड. बॅटऱ्या भरून ठेवल्यात, त्या काय देवापुढं मांडायच्यात?” शेडच्या मागच्या भिंतीशी त्यांनी एक बाक टाकला आणि ट्रकच्या दिव्याचा एक पिवळा बल्ब बॅटरीला जोडून माझ्या डोक्यावर टांगला. घरी परतताना आई सोबतीला यायची. तिची वाट बघत मी त्या उजेडात बीजगणित केलं, इतिहास पाठ केला. मधूनच आबा येत आणि बल्बच्या टोपीला तळहात लावून बघत. “ऊब हाय,” म्हणत आणि परत कामाला लागत. दिवा बघून तपासायचा नाही, हातानं तपासायचा, ही त्यांची जुनी सवय. मी दहावी पास होण्याच्या कितीतरी आधीपासून ते मला ‘मास्तरीण’ म्हणत.

बारावीनंतर घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. तात्या वाईट मनानं बोलत नव्हते. पुढचा रस्ता त्यांनी पाहिलेलाच नव्हता. आबा आमच्या सोप्यात मांडी घालून बसले आणि एवढंच म्हणाले, “तात्या, आपण दोघं सातवीच्या स्टॉपला उतरलो. हिला तरी मधी उतरवू नगंस.” प्रवेशाच्या दिवशी आमच्या उसाची खुरपणी चालू होती, म्हणून कोल्हापूरला माझ्याबरोबर आबाच आले. शाहूपुरीत माल घ्यायचाच होता. कॉलेजच्या कचेरीत ते बल्बची पिशवी छातीशी धरून उभे होते. क्लार्कनं विचारलं, “तुम्ही वडील का?” आबा म्हणाले, “न्हाय. वडील उसात हाईत. मी दिवेवाला.” त्या माणसानं दोनदा वर पाहिलं आणि हसून मला अर्ज दिला.

त्याच दिवशी शाहूपुरीतल्या दुकानदारानं त्यांच्या पिशवीत एलईडीचे दिवे टाकले. “आबा, आता हेच चालणार. तारेचे बल्ब बंद होत आलेत.” आबांनी परतीच्या एसटीत तो दिवा उलटसुलट करून पाहिला. दुकानी येऊन बॅटरीला लावला, तळहात टेकवला आणि तोंड वाकडं केलं. “ह्याला ऊब न्हाय. मेल्यावाणी थंड हाय आणि डोळं मातूर वटारतोय.” कितीतरी महिने त्यांनी ते दिवे फळीवर ठेवून दिले.

पण गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. मोटरसायकलवाली पोरं एलईडीच मागायची. एक जण आला, म्हणाला, “आबा, असा पांढरा दिवा घाला की समोरचा आंधळा झाला पायजे. नाद खुळा!” आबा म्हणाले, “आणि आंधळा झाल्यावर तो जाणार कुठं? तुझ्याच अंगावर येणार की.” दुसऱ्यानं स्वतःच घरी इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी बसवले होते आणि ते टकाटका उघडझाप करत होते. तो खूश होता. आबा म्हणाले, “लेका, गाडी घाबरलीया तुझी. हे दिवं वीज इतकी थोडी खात्यात की तिला वाटतंय बल्बच गेला, म्हणून ती तुला बोंबलून सांगालीया.” पोरगं म्हणालं, “सांगू दे की आबा, भारी दिसतंय.” आबांनी कपाळावर हात मारला आणि त्याचा फ्लॅशर बदलून दिला.

शेवटी आबांचं मत बदललं ते उसाच्या ट्रॉल्यांमुळे. आमच्याकडे हंगाम सुरू झाला की रस्ता उसाचा असतो. ट्रॉली शेतातून निघते, चाकोरीतून, ओढ्यातून, खड्ड्यांतून आदळत डांबरीवर येते, आणि त्या आदळण्यात मागच्या बल्बची तार तुटते. आबा एका हंगामात त्याच ट्रॉलीचा बल्ब पुन्हा पुन्हा बदलत. एलईडीत तुटायला तार नव्हती. एक ट्रॉली त्यांनी करून पाहिली, लाल काचेआड लाल एलईडी. हंगाम संपला तरी दिवा शाबूत. मग मात्र आबा त्याचे भक्त झाले. “आता आबाचा दिवा विझत नस्तोय,” असं ते कारखान्यासमोरच्या उसाच्या अड्ड्यावर छाती काढून सांगायला लागले. बघता बघता आसपासच्या गावांतल्या कितीतरी ट्रॉल्यांच्या पाठीवर त्यांचे दिवे लागले. वायर मात्र त्यांनी जुनीच ठेवली. ट्रॅक्टरला सॉकेट आणि ट्रॉलीच्या वायरीला घरात वापरतात तशी साधी दोन पिनांची पिन. ही त्यांचीच युक्ती होती आणि कित्येक वर्षं बिनघोर चालत आली होती. पिन हरवली तर कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळते आणि अंदाजानं कशीही खुपसली तरी दिवा लागतो.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. हंगाम ऐन भरात होता. तात्या वडगावच्या बाजारातून मोटरसायकलवर परत येत होते. तिन्हीसांजेची वेळ, धड उजेड नाही, धड अंधार नाही. ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर ते उसाच्या ट्रॉलीला मागून जाऊन धडकले. उसाचे शेंडे मागे लोंबत होते, त्यांत तोंड गेलं म्हणून डोकं वाचलं, पण उजवा पाय मांडीपासून मोडला. ट्रॅक्टर आमच्याच गावच्या बाळूचा होता. त्यानंच हाका मारून माणसं गोळा केली आणि तात्यांना कोल्हापूरला पोचवलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तात्यांचं पहिलं वाक्य होतं, “मागं दिवा न्हवता.”

ती ट्रॉली आबांनी केलेली होती. बातमी कळताच ते बाळूकडे गेले. बाळूनं रडत सांगितलं, “आबा, आईशप्पत, दिव्याचं बटण मी मारलं हुतं.” आबा म्हणाले, “लावून दाखव.” बाळूनं पिन घातली, बटण दाबलं आणि ट्रॉलीच्या मागे लाल दिवा स्वच्छ लागला. आबा मागे जाऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले. पोलीस येऊन पाहून गेले, त्यांच्यासमोरही तो लागला. मग आबा दवाखान्यात आले आणि तात्यांच्या उशाशी उभे राहून, आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हणाले, “तात्या, दिवा चांगला हाय. मी डोळ्यानं बघितला.”

“मी बी डोळ्यानंच बघितलं, आबा. न्हवता.”

“आबाचा दिवा विझत न्हाय.”

“मग मी खोटं बोलालोय?”

आबा तसेच मागे फिरले. आणि गावात आल्यावर, संध्याकाळी डेअरीत दूध घालायला रांग लागते तिथे कुणीतरी विचारलं, तेव्हा आपल्या नेहमीच्या आवाजात सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले, “दिवा लागलेलाच हुता. बघणाऱ्यानं बघितला न्हाय, त्याला मी काय करू?”

आमच्या गावात एखादी गोष्ट दुधाच्या रांगेत बोलली गेली की ती ठरली. आणि आबांच्या तोंडून आल्यावर तर प्रश्नच नव्हता. तात्यांना डुलकी लागली असंल, इथून सुरुवात झाली. मग बाजारातनं येत होता, बसला असंल कुठंतरी ‘घ्यायला’, इथपर्यंत पोचलं. ज्या माणसानं सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही, त्याच्याबद्दल. भेटायला आलेली माणसं खाटेजवळ वाकून बोलत, तेव्हा ती नाकानं काहीतरी शोधताहेत, असं आईला वाटायचं. तात्या पायाचं दुखणं मुकाट सोसत होते. ते फक्त पुन्हा पुन्हा एवढंच म्हणायचे, “लाल ठिपका जरी दिसला असता तरी म्या बिरेक दाबला असता.” मग हळूहळू तेही म्हणेनासे झाले. बोलणंच कमी झालं. समोरच्याचा विश्वास नाही हे एकदा कळलं, की माणूस कशाला बोलेल?

मी रोज कोल्हापूरहून एसटीनं येऊन आबांच्या शेडसमोरच उतरायची. पूर्वी मी उतरले की आबा काम करता करता हात वर करत. त्या दिवसांत तो हात वर गेला नाही आणि मीही तिकडे पाहिलं नाही. मला तात्यांचं खरं वाटत होतं. पण आबांच्या दिव्याखाली मी शिकले होते, तो दिवा खोटा असेल हेही मनाला पटत नव्हतं. बाळू म्हणतो बटण दाबलं होतं, तात्या म्हणतात दिवा नव्हता, आबा म्हणतात दिवा चांगला आहे. तिघांनाही मी लहानपणापासून ओळखत होते. तिघंही खोटं बोलणारे नव्हते.

पुढे काय झालं ते बाळूनं मला नंतर सांगितलं. कारखान्याच्या अड्ड्यावर ट्रॉल्या नंबराला लागल्या होत्या. दिवस कलत होता. आबा एका ट्रॉलीची वायर बांधून देत होते आणि बाळूचा ट्रॅक्टर पलीकडेच उभा होता, ट्रॉलीचा दिवा लागलेला. बाळूनं काहीतरी कामासाठी पिन काढली आणि परत घातली. दिवा लागला नाही.

“आबा म्हणालं, सरक. पिन काढली, फिरवून घातली. दिवा लागला. परत फिरवली, इझला. परत फिरवली, लागला,” बाळू सांगत होता. “मी म्हटलं, आबा, सॉकेट ढिलं असंल. तर नुस्तं पिन फिरवत्यात आणि मागं बघत्यात. मग खालीच बसलं की, चाकापाशी. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं तर म्हणालं, बाळ्या, त्या दिवशी तू शेतात पिन घातलीस तवा उजेड हुता न्हवं? मागं जाऊन बघितलं न्हाईस न्हवं? मी म्हटलं, न्हाय आबा. तर म्हणालं, तू कशाला बघशील? मीच सांगितलं हुतं, कशीबी घाल म्हणून.”

तारेच्या बल्बला वीज कुठल्या बाजूनं येते याचं काही देणंघेणं नसतं. कशीही आली तरी तार तापते आणि दिवा लागतो. एलईडीचं तसं नाही. त्याला एकच बाजू चालते, उलटी जोडली तर तो मिटून बसतो. आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. दुकानात बसवताना ते बाजू बघूनच बसवत. पण बल्ब बदलला तेव्हा पिनही बदलायला हवी होती, हे त्यांच्या हातून निसटलं. इतक्या वर्षांच्या स्वतःच्याच युक्तीवर त्यांचा विश्वास होता. त्या दिवशी शेतात पिन उलटी गेली. बाळूनं बटण दाबलं होतं, दिवाही धड होता, आणि तात्यांच्या समोर अंधार होता. तिघंही खरं बोलत होते.

आबा अड्ड्यावरून सरळ आमच्या घरी आले. तात्या सोप्यात खाटेवर पाय पसरून पडले होते. आबांच्या हातात तुटक्या वायरीसकट ती पिन होती. आईनं पाट सरकवला, पण ते बसले नाहीत.

“तात्या,” ते म्हणाले, “मागं दिवा न्हवता.”

तात्या कोपरावर रेलून अर्धे उठले.

“तू खरं सांगालतास. दिवा माझा, पिन माझी, चूक बी माझी. पिन उलटी पडली की दिवा लागत न्हाय. मी हे बघितलंच न्हवतं रं.” हातातली पिन ते उगीचच पुन्हा पुन्हा फिरवत होते.

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. पाय मोडला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

बोलली ती आई. आबांशी ती कधी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी दाराची चौकट धरून म्हणाली, “आबा, हाड काय, जुळंल आज न्हाय उद्या. पण गावानं ह्यांच्या तोंडाचा वास घेतला वं. त्याचं काय करायचं?”

आबा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, “वयनी, दूध घालाया कोण जातंय तुमचं?”

“मीच जाते.”

“आज मी येतो संगं.”

त्या संध्याकाळी दुधाच्या रांगेत आई किटली घेऊन उभी होती आणि आबा तिच्या शेजारी. मीही होते. रांग भरल्यावर आबांनी ती पिन वर धरली. “ऐका रं सगळ्यांनी!” आवाज तोच, ओढ्यापर्यंत जाणारा. “हितं उभा राहून मी म्हणालतो दिवा लागलेला हुता. न्हवता लागलेला. तात्या खरा, मी खोटा. त्याच्या तोंडाचा ज्यांनी वास घेतला, त्यांनी माझ्या हाताचा बी घ्यावा. ह्या हातानं ती वायर केलीया.” कुणीतरी म्हणालं, “आबा, असू दे की, तुम्ही काय मुद्दाम केलं व्हय?” आबा म्हणाले, “मागच्याला मुद्दाम काय आणि इसरून काय, अंधार तेवढाच.” मापं घेणारा पोऱ्याही थांबला होता. मग आईनं किटली पुढं केली आणि रांग हलली.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी शेड बंद केलं आणि पिशवी घेऊन अड्ड्यावर बसायला लागले. त्यांनी केलेली एकेक ट्रॉली अडवून पिन बदलायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एक पिन जाड आणि एक बारीक, म्हणजे एकाच बाजूनं जाईल. पण ट्रॉली आज या ट्रॅक्टरला, उद्या त्या ट्रॅक्टरला. प्रत्येकाची सॉकेटं वेगळी, कुणाच्या वायरी कुठे जोडलेल्या. आबा टेकीला आले. एका संध्याकाळी मी एसटीतून उतरले, तर शेडच्या दारात उभे होते. “मास्तरीण,” त्यांनी हाक मारली, “तुमच्या पुस्तकात असलं काय हाय का, की वीज कुठनं बी आली तरी दिवा लागंल?”

होतं. बारावीच्या पुस्तकातच होतं. चार डायोड चौकटीत जोडायचे, मग वीज कुठल्याही बाजूनं शिरली तरी बाहेर एकाच बाजूनं येते. परीक्षेला मी ती आकृती काढून गुणही मिळवले होते, पण ती कुणाच्या उपयोगाची असते हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या जुन्या बाकावर बसून मी ती काढून दाखवली. आबांनी डोळे बारीक करून पाहिली. “म्हंजे चार दारं. दोन उघडत्यात, दोन लागत्यात.” दुसऱ्या दिवशी मी शाहूपुरीतून डायोड आणले. आबांनी पहिली चौकट जोडली, पिन सुलटी घातली, दिवा लागला. उलटी घातली, लागला. त्यांनी सवयीनं तळहात दिव्याला टेकवला, ऊब नव्हतीच, तरी हात बराच वेळ काढला नाही.

त्या वर्षीचा हंगाम संपेस्तोवर त्यांनी चौकटी बसवल्या. आणखी एक बदल झाला. रस्त्यावर जाऊन आता ते स्वतः उभे राहत नसत. ट्रॅक्टरवाल्यालाच खाली उतरवत. “मी बघून काय उपेग? मी काय रोज तुझ्यासंगं येतोय? उतर. मागं जा. डोळ्यानं बघ.” आणि तो मागे जाऊन हात वर करीपर्यंत आबाच चालकाच्या जागेवर बसून राहत.

तात्यांचा पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. काठी आली. आबांची आणि त्यांची बैठक पुन्हा सुरू झाली, त्या विषयावर मात्र दोघं कधी बोलले नाहीत. मी पदवीधर झाले, पुढं शिकले आणि आता कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला पदार्थविज्ञान शिकवते. डायोडचा धडा आला की मी आकृतीच्या आधी एक दोन पिनांची साधी पिन टेबलावर ठेवते आणि तात्यांची गोष्ट सांगते. मग आकृती कुणी चुकत नाही.

आबा यंदा गेले. छातीचं दुखणं होतं, कोल्हापूरच्या दवाखान्यात होते. शेवटी शेवटी मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते खिडकीशी पडून खालच्या रस्त्याकडे बघत होते. मला म्हणाले, “सगळं एलईडी झालं की मास्तरीण. मागनं बघाया बरं वाटतंय.” थोड्या वेळानं विचारलं, “तात्या कशावर आलाय?” मी सांगितलं, माझ्या गाडीतून. “मागचं बघितलंस?” मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

आबा दुपारी गेले आणि कागदपत्रं होऊन त्यांना गावी न्यायला तिन्हीसांज झाली. दवाखान्याच्या आवारात शववाहिका उभी होती. आबांना आत ठेवलं, दार लागलं. ड्रायव्हर तरुण होता, त्यानं गाडी चालू केली. तेवढ्यात तात्या काठी टेकत तिच्या काचेपाशी गेले.

“पावणं, जरा थांबा. मी मागं जातो. म्हटलं की ब्रेक दाबा.”

“आवं आजोबा, नवी गाडी हाय. बॉडी घेऊन लांब जायाचंय, उशीर करू नगा.”

“बॉडी न्हाय, आबा हाईत,” तात्या म्हणाले. “दाबा म्हटलं की दाबा.”

ते लंगडत मागे गेले, थोडं लांब जाऊन उभे राहिले. त्यांच्या आवाजाला तशी धार कधीच नव्हती, पण आवारातली माणसं वळून बघायला लागली. “ब्रेक!” दिवे लाल झाले. “डावा!” लागला. “उजवा!” लागला. तात्या तरी जागचे हलले नाहीत. मग काठी डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला.

“जावा आता,” ते म्हणाले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. तात्या माझ्या शेजारी येऊन बसले. आबांची गाडी पुढं होती आणि आम्ही तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून चाललो होतो. वळणावळणाला तो आड व्हायचा आणि पुन्हा दिसायचा.